सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला का?

पावसाळा सरला, मैदान वाळले, की आपल्याकडे दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. शाळेत संध्याकाळचा खो-खोचा सराव आणि घरोघरी नवरात्राच्या गरब्याची तयारी. तिसरी गोष्ट न बोलावता येते, ती म्हणजे मुरगळलेले पाय. दर वर्षी या दिवसांत शारीरिक शिक्षणाच्या तासाला चार-पाच मुले ओट्यावर बसलेली दिसतात. त्यांच्याजवळ पालकांची चिठ्ठी असते, "पाय मुरगळला आहे, आठ दिवस खेळायला लावू नये." नवव्या दिवशी तेच मूल मैदानावर हजर. माझे भांडण या चिठ्ठीशी आहे. पण पहिल्या आठ दिवसांशी नव्हे, नवव्या दिवसाशी.

पाय मुरगळतो म्हणजे नक्की काय होते, हे विद्यार्थी मित्रांनी आधी समजून घ्यावे. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाला हाड बांधून ठेवणारे तीन मजबूत पट्टे असतात. पुस्तकात त्यांना अस्थिबंध म्हणतात, डॉक्टर लिगामेंट म्हणतात. पाऊल आतल्या बाजूला वळून अंगाचा भार त्यावर पडला, की हे पट्टे ताणले जातात, कधी थोडे फाटतात, कधी पूर्ण तुटतात. सर्वांत आधी बळी जातो तो पुढचा पट्टा. सूज येते, दुसऱ्या दिवशी काळेनिळे होते. आठ-दहा दिवसांत सूज ओसरते, मूल नीट चालू लागते, आणि घरात सगळे म्हणतात, "झाले बरे!" आत मात्र तो पट्टा अजून कच्चाच असतो. त्याला ताकद यायला सहा आठवडे सहज लागतात, दुखापत मोठी असेल तर महिने लागतात.

त्याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. या पट्ट्यांमध्ये बारीक मज्जातंतू असतात. पाऊल सरळ आहे की वाकडे, ही खबर ते मेंदूला क्षणोक्षणी देत असतात. पट्टा दुखावला की ही खबर उशिरा पोचते, आणि स्नायू पाय सावरेपर्यंत तो पुन्हा वळलेला असतो. एकदा मुरगळलेला पाय वारंवार का मुरगळतो, याचे हे स्पष्टीकरण १९६५ साली फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले, आणि तोल साधण्याच्या व्यायामाने हे टाळता येते असेही दाखवले. या गोष्टीला साठ वर्षे झाली. आपल्या घरांत अजूनही पाय मुरगळल्यावरचा उपाय म्हणजे लेप, पट्टी आणि आराम, इतकाच आहे.

लेपाला मी नावे ठेवत नाही. आंबेहळदीचा लेप आजीने प्रेमाने लावला तर मुलाला बरे वाटते, आणि लेप लावलेले मूल निदान अर्धा तास एका जागी बसते. माझा विरोध आहे तो चोळण्याला. पाय मुरगळल्या दिवशीच गरम तेल लावून, अंगठ्याने दाबून "शीर बसवणे" हा प्रकार आजही अनेक घरांत चालतो. आत रक्त झिरपत असताना शेक आणि चोळणे म्हणजे सूज वाढवणेच. पहिले दोन-तीन दिवस दोन्ही टाळावे. आपले बडोदे तर राजरत्न माणिकरावांचे गाव. व्यायामाइतकेच हाडवैद्यकीतही त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्यांच्या गावात कोणीही उठावे आणि कोणाचाही पाय ओढावा, हे शोभत नाही.

पहिला प्रश्न असतो, हाड मोडले आहे का? दर वेळी एक्स-रे काढायला धावायचे कारण नाही. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी सोपे नियम ठरवले, ते जगभर वापरले जातात. मुलाला चार पावले चालता येतात का, अगदी लंगडत का होईना? लगेच नाही आणि दवाखान्यात पोचल्यावरही नाही, तर एक्स-रे हवा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर, खालच्या टोकापासून साधारण सहा सेंटिमीटरपर्यंत, बोटाने दाबल्यावर हाडच दुखते का? करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो उंचवटा लागतो तो, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरचे हाड दुखते का? तरीही एक्स-रे हवा. वाढत्या वयातील मुलांच्या बाबतीत मी आणखी सावध असतो. त्यांच्या हाडाच्या टोकाशी वाढीची पट्टी असते, ती अस्थिबंधापेक्षा नाजूक असू शकते, आणि तिची दुखापत एक्स-रेतही दर वेळी दिसत नाही. म्हणून घोट्याच्या हाडावरच दुखत असेल, तर एक्स-रे "नॉर्मल" आला म्हणून गाडी थेट मैदानावर आणू नये.

बर्फाबद्दल दोन शब्द. 'विश्रांती, बर्फ, दाब, उंची' हे सूत्र अमेरिकेतील डॉ. मर्किन यांनी १९७८ मध्ये पुस्तकात मांडले, आणि २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच सांगितले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी दुखापत भरायला उलट उशीर होऊ शकतो. आज इतके म्हणता येते, की बर्फाने वेदना कमी होते, पाय लवकर बरा होतोच असे नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, कातडीला थेट लावू नये. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधत यावे. बोटे थंड किंवा बधिर झाली तर लगेच सैल करावे. झोपताना पाय लोडावर, छातीपेक्षा उंच ठेवावा. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी, मोठ्यांच्या डब्यातली अर्धी मोडून नको.

आता घरातली गोष्ट, जी कोणी लिहीत नाही. शहरातल्या जुन्या वाड्यांत आणि पोळांमध्ये राहणाऱ्यांना ठाऊक आहे, की आपले जिने केवढे उभे असतात. मुरगळलेल्या पायाने जिना उतरण्यापेक्षा उकिडवे बसणे आणखी अवघड, कारण त्यात घोटा पूर्ण वाकतो. घरी खाली बसायचे शौचालय असेल तर मूल लाजेपोटी सांगत नाही, आणि दिवसातून दोनदा तोच पट्टा ताणत राहते. मधोमध भोक असलेली प्लॅस्टिकची खुर्ची बाजारात मिळते, ती शेजारपाजारी कोणाकडे ना कोणाकडे असतेच. मागून आणावी.

आणि पालकहो, एक स्पष्टच विचारतो. मुलाचा पाय मुरगळला तर त्याला पाणीसुद्धा हातात मिळते. मुलीचा मुरगळला तर "बसून भाजी तरी निवड" पासून सुरुवात होऊन तिसऱ्या दिवशी ती ओट्यापाशी उभी असते. आपल्या खो-खोच्या मुलींकडे मी पाहतो तेव्हा मला हे दिसते. मुलींना विश्रांती अपुरी मिळते आणि मुलांना नको तितकी. दोन्ही वाईटच.

कारण विश्रांती म्हणजे पडून राहणे नव्हे. दोन-तीन दिवस गेले आणि दुखणे जरा कमी झाले, की पाय हलवायला हवा. लहानांसाठी मी एक खेळ देतो. अंथरुणावर बसून पायाच्या अंगठ्याने हवेत 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत अक्षरे काढायची. रोमन लिपीपेक्षा आपल्या लिपीत वळणे जास्त, त्यामुळे घोट्याला व्यायामही जास्त! 'क्ष' काढताना पाय सगळीकडे फिरतो. मग ओढणी किंवा टॉवेल तळव्याला अडकवून हळूहळू ओढायचे. उभे राहून दुखेनासे झाले, की भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या. शेवटी सर्वांत मोलाचा व्यायाम. दात घासताना दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहायचे, आधी मोरीची कडा धरून, मग न धरता. तीस सेकंद जमले की कोणीतरी जवळ उभे असताना डोळे मिटून. फ्रीमन यांनी सांगितलेली ती हरवलेली खबर पुन्हा पोचवायला शिकवणारा व्यायाम तो हाच. याला पैसा लागत नाही, फक्त रोज करावा लागतो, आणि सूज उतरल्यावर तो कोणीच करत नाही.

मैदानावर परतायचे कधी? माझे उत्तर तारखेत नाही. दुखऱ्या पायावर लंगडी घालता येते का, दुसऱ्या पायाइतकीच दूर आणि तितकीच सरळ? वळून धावताना पाय धसकतो का? खो-खोत खांबाला वळसा घालताना आणि उकिडव्या बैठकीतून सुटताना सगळा भार घोट्यावरच येतो. गरब्याच्या नऊ रात्री तर अनवाणी गिरक्या असतात, आणि गर्दीत दमलेला पाय आधीच ढिला असतो. ज्याला लंगडी जमत नाही त्याने गरबा पाहावा, गावा, टाळ्या वाजवाव्यात.

खो-खोचे नियम १९२४ मध्ये आपल्याच बडोद्याच्या जिमखान्याने छापले, याचा आपल्याला अभिमान आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या पहिल्या विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकल्यापासून पालकही उत्साहाने विचारतात, "आमचा खेळेल ना?" खेळेल. पण सामन्याच्या दिवशी घोट्याला पट्टी गुंडाळून उतरवलेले मूल त्या दिवशी खेळते, आणि पुढची पाच वर्षे दर पावसाळ्यात पाय मुरगळून घेते. तेव्हा संघात कोण, हे सामन्याच्या आदल्या दिवशी लंगडीने ठरावे, गुणांनी किंवा आग्रहाने नव्हे, असा माझा आग्रह आहे.

विश्वस्त मंडळींकडे मागणे फार नाही. शिक्षक-खोलीतल्या फ्रिजमध्ये बर्फाचा एक कप्पा राखून ठेवावा. कार्यालयात कमी-जास्त उंचीच्या कुबड्यांच्या दोन जोड्या असाव्यात. मैदानाच्या नळाकडच्या कोपऱ्यात पावसाने पडलेला खड्डा दिवाळीच्या सुटीची वाट न पाहता भरावा. आणि आठवी-नववीचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहेत. एखादा विद्यार्थी कुबड्यांवर असेल तेवढे दिवस त्याचा वर्ग खाली, चित्रकलेच्या खोलीत भरवता येईल. चित्रकलेच्या बाईंशी माझे बोलणे झाले आहे, त्यांची हरकत नाही. वेळापत्रकात सोमवार आणि गुरुवारचे दोन तास तेवढे अदलाबदल करावे लागतील.