जरासा करंट

"जरा जपून, कूलर करंट मारतो!" उन्हाळ्यात खानदेश, मराठवाडा आणि विदर्भातील अनेक घरांत हे वाक्य ऐकू येते. सांगणारा सहज सांगतो आणि ऐकणारा सहज ऐकतो. मग कोणी रबरी चप्पल घालून कूलरमध्ये पाणी भरतो, कोणी लाकडी पाटावर उभा राहतो. कूलर मात्र तसाच चालू राहतो. विद्यार्थी मित्रांनो, मला वाटते, घरातील विजेचा सर्वांत मोठा धोका याच सवयीत आहे. धोका सर्वांना ठाऊक असतो. पण आपण त्याच्या शेजारी राहायला शिकलेलो असतो.

विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही जिला 'बर्की रौ' म्हणता, तिला मराठीत 'विद्युतधारा' म्हणतात. घरात मात्र आपण सगळेच 'करंट' म्हणतो. हा करंट 'जरासा' आहे, हे आपण कशावरून ठरवतो? हाताला मुंग्या आल्या आणि हात सुटला, एवढ्यावरून! परंतु त्या वेळी हात कोरडा होता आणि पायात चप्पल होती, म्हणून शरीरातून थोडीच धारा वाहिली. कूलरच्या पत्र्यात उतरलेली वीज आपल्या घरातील नेहमीचीच असते, म्हणजे 230 व्होल्टची. उद्या तेथेच कोणी ओल्या हातांनी, अनवाणी, सांडलेल्या पाण्यात उभा राहिला, तर तीच वीज प्राण घेऊ शकते. ओल्या त्वचेतून धारा सहज वाहते. म्हणून 'जरासा' हे माप करंटचे नाही. ते आपल्या चपलेचे आहे.

थोडा हिशेब पाहा. एक मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. साधारण 1 मिलिअँपिअर धारा वाहिली, की हाताला झिणझिण्या येतात. दहा-पंधराच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. 30 मिलिअँपिअरच्या पुढे श्वास आणि हृदय यांना धोका असतो. आणि 15 वॅटच्या लहानशा पिवळ्या दिव्यातून सुमारे 65 मिलिअँपिअर धारा वाहते!

"पण घरात फ्यूज आहे ना?" असे कोणी विचारील. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. 5 अँपिअरचा फ्यूज वितळायला 5,000 मिलिअँपिअरपेक्षा जास्त धारा लागते. तोपर्यंत माणूस वाचत नाही. त्यातही काही घरांत फ्यूज वारंवार उडतो म्हणून तेथे जाड तार बांधतात. मग तारा तापल्या, तरी त्यांना कोणी थांबवत नाही आणि आग लागते.

माणसाला वाचवते ती तीन पिनांच्या प्लगमधील वरची पिन. ती इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड असते. म्हणून प्लग लावताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. कूलरच्या पत्र्यात वीज उतरलीच, तर या पिनेतून आणि हिरव्या तारेतून ती जमिनीत जाते. यालाच अर्थिंग म्हणतात. ही पिन आपण तोडून टाकली, किंवा प्लगच न लावता उघड्या तारा काडीने भोकांत खोचल्या, तर विजेला जमिनीत जाण्यासाठी एकच वाट उरते. ती वाट म्हणजे आपले शरीर.

वीज अनेकदा आधी सूचना देते. प्लग हाताला गरम लागतो. बोर्डाचा भाग काळा पडतो. प्लास्टिक जळाल्यासारखा वास येतो. बोर्डातून चरचर आवाज येतो. पावसाळ्यात बोर्डाजवळची भिंत ओली दिसते. कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेला विजेची जुनी वायर घासत असते. यांपैकी एकही खूण 'जराशी' समजू नये.

यावर मोठी माणसे म्हणतात, "इतकी वर्षे काही झाले नाही." कोणी म्हणतात, "घर भाड्याचे आहे, खर्च कोण करणार?" दुसरी अडचण खरी आहे. जुन्या घरात अर्थिंग करायला पैसे लागतात. 30 मिलिअँपिअरची गळती ओळखून क्षणात वीज तोडणारे आरसीसीबी नावाचे यंत्र मिळते, त्यालाही पैसे लागतात. पण पाणी भरण्याआधी कूलरचा प्लग काढायला काय लागते? बादलीत हीटरची सळई असताना पाण्यात बोट न घालायला काय लागते? नुसते बटण बंद करून भागत नाही. बटण चुकीच्या तारेवर बसवलेले असेल, तर ते बंद असूनही पत्र्यात वीज राहू शकते. म्हणून कोरड्या हाताने प्लगच काढावा.

ज्या वस्तूचा एकदा शॉक बसला, ती वस्तू वायरमनने तपासेपर्यंत वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चार दिवस उकाडा सहन करता येतो. दुरुस्ती मात्र तुम्ही स्वतः करू नका. ते जाणत्या वायरमनचे काम आहे. भिंतीतील तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तार खरोखर आहे का, हेही त्याच्याकडूनच पाहून घ्यावे.

कोणी विजेला चिकटलेच, तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमले नाही, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर करा आणि मदतीसाठी हाक मारा.

तुमचे काम आहे खुणा ओळखण्याचे आणि बोलण्याचे. अम्मी कूलरमध्ये पाणी ओतायला निघाली, तर "थांबा, आधी प्लग काढतो," असे म्हणा. अब्बा फ्यूजमध्ये जाड तार घालत असतील, तर आदराने पण ठामपणे नको म्हणा. मोठ्यांना धोका दाखवणे हा उद्धटपणा नाही. शाळेत शिकलेले विज्ञान घरच्या माणसांच्या उपयोगी पडावे, यासाठीच तर आपण ते शिकतो.