शेतसारा माफ, पण बिलातल्या अठरा टक्क्यांचं काय?



"शेतकऱ्याले कुठं टॅक्स आहे?" असं ज्याला वाटते, त्यानं एकदा आपल्यासोबत कृषी केंद्रावर यावं आणि बिल वाचावं.

31 ऑक्टोबर 2023 ला सरकारनं राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आपला बुलढाणा तालुका होता, लोणारही होता. सवलतींच्या यादीत पहिलंच नाव जमीन महसुलात सूट. माझ्या आठ-अ वर आकार आहे 7 रुपये 40 पैसे. एवढ्यात देऊळघाटच्या स्टँडवर एक कट चहा येते, बाप्पा! कर्जाचं पुनर्गठन म्हणजे माफी नाही, हप्ता पुढं ढकलला एवढंच. पंपाच्या बिलात 33.5 टक्के सूट होती, पण एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतचं बिल तसंही सरकार भरते. म्हणजे करातली सवलत म्हणाल तर उरले ते 7 रुपये 40 पैसे.

आता दुसरी बाजू. यंदा सोयाबीन-कपाशीवर फवारणीचं औषध आणलं, मूळ किंमत 14,000. त्यावर 18 टक्के जीएसटी, 2,520 रुपये. माझा 340 वर्षांचा शेतसारा एका हंगामात गेला. संभाजी महाराजांच्या काळापासूनचा हिशेब झाला हा! खतावर 5 टक्के वेगळा. दुबार पेरणी झाली तर खत पुन्हा, जीएसटी पुन्हा. पीक बुडालं म्हणून टॅक्स बुडत नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टर, ठिबक, तुषार 5 टक्क्यांवर आले. चांगलं झालं, ते म्हणाच लागते. पण रासायनिक कीटकनाशक, तणनाशक 18 वरच राहिलं. ट्रॅक्टर जन्मात एकदा घेतो, फवारा दर पंधरा दिवसांनी मारतो.

व्यापारी खरेदीवर भरलेला जीएसटी विक्रीच्या जीएसटीतून वळता करून घेतो. आपल्याला माल विकायला नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नाही म्हणून वळतं करायची सोय नाही. भरलं ते गेलं.

इंग्रजाच्या राज्यात पीक चार आण्याच्या खाली गेलं तर सारा तहकूब करायचा नियम होता. 1918 चा खेडा सत्याग्रह त्याच्यावरच झाला. तेव्हा शेतकऱ्याचा मोठा कर साराच होता, म्हणून ती माफी माफी होती. आता कर दुकानाच्या बिलात जाऊन बसला, माफी मात्र सातबाऱ्यावरच बसून आहे.

म्हणून मागणी सरळ आहे. ज्या तालुक्यात दुष्काळ जाहीर होईल, तिथं त्या हंगामातल्या खत-औषधावरचा जीएसटी शेतकऱ्याच्या खात्यात परत करा. "हिशेब कसा ठेवणार?" हे विचारू नका. खताच्या प्रत्येक बॅगेला मशीनवर आमचा अंगठा घेता, नोंद तुमच्याकडंच आहे. औषधाचं बिल आम्ही देतो.

पण भावांनो, बिल असलं तर देणार ना! कच्च्या चिठ्ठीवर औषध घेऊ नका. पक्कं बिल, त्यावर आपलं नाव, जीएसटी वेगळा दाखवलेला.

आणखी एक. जमिनीच्या मोबदल्याची एफडी असलेल्या बऱ्याच जणांच्या व्याजातून बँक टीडीएस कापते. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, व्याज नाही. पण एकूण व्याज करपात्र मर्यादेच्या खाली असेल तर एप्रिलमध्येच बँकेत "कर कापू नका" हे घोषणापत्र द्या. कापला गेला असेल तर विवरणपत्र भरा, पैसा परत येते. पॅन आधी बँकेत जोडून घ्या, नाहीतर 10 च्या जागी 20 टक्के कापतात.