दरवर्षी तोडला जाणारा पूल

थॉर्नटन वाइल्डर यांच्या ‘द ब्रिज ऑफ सॅन लुई रे’ या १९२७ सालच्या कादंबरीत पेरूमधला एक झुलता पूल तुटतो, पाच माणसे दरीत कोसळतात आणि नियतीचा शोध सुरू होतो. त्याच पेरूत, अपुरिमाक नदीवरचा क्वेस्वाचाका हा गवताचा झुलता पूल मात्र लोक दरवर्षी जून महिन्यात स्वतःच तोडतात.

पूल सुमारे २८ मीटर लांबीचा. स्त्रिया गवताच्या बारीक दोऱ्या वळतात, पुरुष त्यांचे जाड दोर करतात. चार क्वेचुआ वस्त्या मिळून जुना पूल नदीत सोडतात आणि नवा विणतात. इंका काळापासूनचे हे कौशल्य युनेस्कोने २०१३ साली वारसा म्हणून नोंदवले. महासाथीमुळे २०२० मध्ये विणकाम राहून गेले आणि मार्च २०२१ मध्ये पूल कोसळला. जूनमध्ये गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला, कारण दोर वळणारे हात शाबूत होते.

परंपरा म्हणजे जपून ठेवलेली वस्तू, असे साहित्याचे अभ्यासक सहज गृहीत धरतात. आम्हांला ते मान्य नाही. क्वेस्वाचाकात जुने आहे ते केवळ वळणे. गवत नेहमी यंदाचेच. संहिता कपाटात सुरक्षित असली, तरी तिचे वाचन प्रत्येक पिढीने नव्याने विणले नाही, तर तीही एके दिवशी कुणाचाच भार पेलणार नाही.