टॅप चढवून प्रश्न सुटत नसतो साहेब!

मंडळी, परवा रात्री साडेबाराला घरातल्या प्लगमध्ये मीटर लावला. २५८ व्होल्ट! हवेत २३०, नियमाने फार तर ६ टक्के वर, म्हणजे २४४.

झालंय काय, तर शेतीच्या मोटारींना व्होल्टेज मिळेना, ओरड झाली, म्हणून सबस्टेशनात ट्रान्सफॉर्मरचा टॅप वर चढवला. "थोडंसंच वाढवलंय" म्हणे. पण गावठाण आणि शेती हे फीडर वेगळे असले तरी निघतात एकाच ट्रान्सफॉर्मरवरून. शेतीची पाळी संपली की लोड उतरतो आणि ते "थोडंसं" गावातल्या फ्रिज-टीव्हीवर येऊन बसतं. २५८ ला साध्या बल्बवर सव्वापट ताण येतो. तो उडाला तर चाळीस रुपये गेले, फ्रिजचं काय?

शेतकऱ्याची ओरड खोटी नाही हां. माझीच मोटार लाइनच्या शेवटच्या टोकाला आहे. ४१५ च्या जागी ३४० मिळाले की जोर दोन तृतीयांशावर येतो, मोटार करंट जास्त ओढते आणि वाइंडिंग जळतं. पण तारेत पडणारं व्होल्टेज टॅपने कमी होत नाही. त्याला जाड तार लागते, जवळ नवी डीपी लागते, मोटारीला कपॅसिटर लागतो. (कपॅसिटर काढून ठेवणारे आपणच, तेही कबूल करू.) ही कामं खर्चाची, टॅप फुकटचा!

वायरमनला शिव्या देऊ नका, त्याच्या हातात काही नाही. सोमवारी ११ वाजता ऑफिसात अर्ज द्यायचाय. येताना रात्रीचं आणि पाळीच्या वेळचं, दोन्ही रीडिंग लिहून आणा.