कपाटातील प्रमाणपत्रे

केरळातून नुकतीच उत्तीर्ण झालेली परिचारिका मुंबईस येते, तेव्हा कपड्यांहूनही तिची कागदपत्रे मोलाची असतात. आपल्या राज्याच्या परिषदेची नोंदणी, तिचे ना-हरकत प्रमाणपत्र, त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी! एकाच देशात दोन दारे ठोठवावी लागतात. या प्रतीक्षेत तिला ‘शिकाऊ’ म्हणून राबविणे काही रुग्णालयांना सोयीचे वाटते. काही तर तिची मूळ प्रमाणपत्रेच कपाटात बंद करून तिला करारात जखडतात. २०११-१२ साली परिचारिका रस्त्यावर उतरल्या, त्या याच जाचाविरुद्ध.

व्यवस्थापन म्हणते, ‘आम्ही तिला अनुभव देतो.’ आम्ही विचारतो, रात्रपाळीतील रुग्ण तिच्या हाती सोपविताना ती शिकाऊ नसते काय? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने, ५० हून कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही मासिक वेतन २० हजारांहून कमी नसावे, अशी शिफारस केली. त्यापूर्वी, १८९१ सालीच, पोप तेरावे लिओ यांनी न्याय्य वेतनाचा आग्रह धरला होता. ख्रिस्तसभेच्या रुग्णालयांना तरी हे नव्याने सांगावे लागू नये!

म्हणून आमची पहिली मागणी आपल्याच संस्थांकडे आहे. प्रमाणपत्रे पाहा, प्रती ठेवा आणि मूळ कागद त्याच दिवशी परत करा. धर्मग्रामातील कुटुंबांनो, मिस्सेला शेवटच्या बाकावर बसणाऱ्या त्या अनोळखी मुलीला ‘सिस्टर’ म्हणता ना? मग बहिणीची विचारपूस करा.