जायचे पैसे, यायचे पैसे

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले ते हौसेनं नव्हे. घरावर कर्ज होतं. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा सढळ हातानं वाटणार, अशी बातमी कोकणापर्यंत येऊन पोचली होती. वडील नको म्हणत होते, तरी भटजी काकांना सोबत घेऊन निघाले आणि ऐन बंडाच्या धामधुमीत सापडले. वाटेत दक्षिणा मिळवली, झाशीत गोऱ्या शिपायांनी ती काढून घेतली, पुन्हा मिळवली. त्यातून 'माझा प्रवास' हे पुस्तक झालं आणि ते १९०७ साली छापून आलं, हे आपलं नशीब.

म्हणजे भटजी कर्ज फेडण्यासाठी प्रवासाला निघाले. आपण हल्ली प्रवासाला निघण्यासाठी कर्ज काढतो. मोबाइल उघडला की आधी बाली फिरून या, पैसे बारा हप्त्यांत भरा, अशा जाहिराती समोर नाचत असतात. हिशेब मांडून बघा. लाखभर रुपये पंधरा टक्क्यांनी वर्षासाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता नऊ हजारांच्या थोडा वर जातो. वर प्रक्रिया शुल्क वेगळं. तेच लाख रुपये आधी साठवायचे ठरवले, तर साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत महिन्याला आठ हजार टाकून वर्षअखेर काम जवळपास होतं. फरक महिन्याला हजाराचा. पण मला खटकतो तो हजार रुपयांचा फरक नव्हे. फिरून आल्यावर फोटो जुने होतात, चपला झिजतात आणि हप्ता मात्र दर पाच तारखेला ताजातवाना दारात उभा असतो.

माझी आत्या साताऱ्याकडे प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. पगार बेताचा आणि घरी माणसं भरपूर. तरी तिनं हिंडायचं सोडलं नाही. तिची पोस्टाची आवर्ती ठेव असायची. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एजंट बाई यायच्या, पिशवीतून रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा काढायच्या, आत्याचं कार्ड शोधून त्यावर रक्कम लिहून सही करायच्या. चहा व्हायचा. पोस्टाची ही ठेव पाच वर्षांची. मध्येच मोडावीशी वाटली तर एजंट बाईच डोळे वटारायच्या. शिस्त लावायला असं बाहेरचं माणूस लागतं. आपल्याच मोबाइलमधून आपल्याच दुसऱ्या खात्यात वळवलेले पैसे परत ओढून घ्यायला कितीसा वेळ लागतो?

तिची दुसरी युक्ती भिशीची. बारा बायका, प्रत्येकीचे दोन हजार, महिन्याला एकीला चोवीस हजार. बाकीच्या पहिला नंबर लागावा म्हणून चिठ्ठीकडे डोळे लावून बसायच्या. आत्या शेवटचा मागून घ्यायची. पहिला नंबर म्हणजे बिनव्याजी उधारी, आणि उधारीचे पैसे घरात टिकत नाहीत. कुणाची तरी फी निघते, नाहीतर नेमका फ्रिज बिघडतो. शेवटी आलेली रक्कम आपली स्वतःची साठवण असते, तिच्यावर कुणी हक्क सांगत नाही, हे तिचं गणित. अर्थात भिशी ओळखीची हवी आणि ती चालवणारी बाई खमकी हवी.

एसटीचा 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' पास १९८८ पासून आहे. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा घ्यायचा आणि हवं तिथं चढायचं, हवं तिथं उतरायचं. दिवाळीच्या सुट्टीत आत्या तो काढायची. सोबत भडंगाचा डबा, मेतकुटाची पुडी, लिंबाचं लोणचं. मुक्काम शक्यतो देवस्थानाच्या भक्तनिवासात. शेगावच्या भक्तनिवासातली स्वच्छता पाहून आल्यावर ती कितीतरी दिवस घरातल्या न्हाणीघराला नावं ठेवत होती.

पण सात दिवसांचा प्रवास वेगळा आणि सहा महिन्यांचा वेगळा. आठवडाभराच्या सहलीत तिकीट आणि हॉटेल हेच मोठे खर्च, म्हणून आपण त्यांवरच घासाघीस करतो. लांबच्या मुक्कामी निघालेला माणूस मात्र खरा लुटला जातो तो मागं कुलूप लावून ठेवलेल्या घराकडून. हे फार कुणी बोलत नाही.

माझ्या ओळखीचं एक जोडपं पुण्यात भाड्यानं राहायचं. भाडं महिन्याला चोवीस हजार. दोघांनी सहा महिने उत्तरेकडं आणि ईशान्येकडं हिंडायचं ठरवलं आणि दिवसाला दोघांचे मिळून पंधराशे, असा अंदाज धरला. म्हणजे दोन लाख सत्तर हजार. त्यात बंद घराचं भाडं मिळवलं, तर आणखी एक लाख चव्वेचाळीस हजार! न राहिलेल्या घरासाठी फिरण्याच्या निम्म्याहून जास्त पैसे. शेवटी त्यांनी अकरा महिन्यांचा करार संपायची वाट पाहिली आणि घर सोडलं. कपाट, गादी, वॉशिंग मशीन मेहुण्याच्या गावी माळ्यावर गेलं. घरमालकाकडून अनामत परत आली, तिच्यात पहिले दोन-अडीच महिने निघाले. इंटरनेट बंद केलं, मोबाइलचा प्लॅन खाली आणला. आरोग्य विमा तेवढा ठेवला, आणि त्यात त्यांनी शहाणपणाच केला.

स्वतःचं घर असेल तर ते भाड्यानं देता येतं, तेच मग तुमच्या प्रवासाचं विद्यावेतन होतं. गृहकर्जाचा हप्ता चालू असेल तर मात्र पाय बांधलेले. मला वाटतं, तिशीतली मुलं पहिल्या नोकरीत घर घेतात तेव्हा बँकेत सही करताना आपण पुढची वीस वर्षं दोन आठवड्यांपेक्षा जास्त कुठं जाणार नाही, यावरही सही करत असतात. घर घेऊ नये असं नाही. क्रम ठरवावा.

निघाल्यावर पैसे वाचतात ते सावकाश गेल्यानं. किलोमीटरला पैसे पडतात, एका जागी बसायला फारसे पडत नाहीत. त्या जोडप्यानं कुमाऊंत कौसानीच्या बाजूला एका गावात खोली आणि गॅसची शेगडी महिन्याच्या बोलीवर घेतली. रोजच्या दरानं घेतली असती तर तिप्पट गेले असते. सकाळी खिचडी, दुपारी घरमालकिणीकडून विकत घेतलेली पालेभाजी आणि पोळ्या. हिशेबाच्या वहीत त्या महिन्यातले कित्येक दिवस चारशेच्या आत बसले आहेत. मी ती वही पाहिली आहे. उलट एका आठवड्यात तीन गावं करायच्या नादात जीपचं भाडं, हमाली, स्टँडवरचं महागडं जेवण असं धरून दिवसाला अडीच हजारांवर आकडा गेलेला. त्या पानावर लाल शाईनं नुसतं 'घाई' असं लिहिलंय.

रेल्वेचीही एक सोय आहे, जिची आठवण तिकीट खिडकीवरच्या माणसालाही करून द्यावी लागते. चक्री प्रवासाचं तिकीट. जिथून निघायचं तिथंच परत यायचं, मधे जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं. रेल्वेच्या भाड्यात अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो, त्यामुळं तुटक तिकिटं काढण्यापेक्षा हे सगळं मिळून स्वस्त पडतं. मार्ग आधी कागदावर लिहून द्यावा लागतो आणि प्रत्येक टप्प्याचं आरक्षण नंतर वेगळं करावं लागतं. खटपट आहे. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेतली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तिच्याबद्दल मात्र अजून आमच्याकडच्या कट्ट्यावर रोज एकदा हळहळ व्यक्त होते. एसटीनं त्यावर थोडं मलम लावलंय : पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात मोफत, आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट.

याहून जुनी सोय नर्मदेच्या काठी आहे. परिक्रमावासीयांना तिथं सदावर्त मिळतं, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ, मीठ असा शिधा. तो घेऊन आपण रांधायचं. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही. परंपरेनं पायी परिक्रमेला तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस. पूर्वी शूलपाणीच्या झाडीत अंगावरचे कपडेही उतरवून घेत असत. जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर'नंतर आपल्याकडून जाणाऱ्यांची रीघ लागली. त्यांतले काही 'एक पैसा खर्च झाला नाही' असं मिरवत सांगतात तेव्हा मला त्यांचा राग येतो. खर्च झालाच, फक्त तो काठावरच्या एखाद्या घरानं केला, ज्याची स्वतःची कणगी काही भरलेली नसते. ऐपत असेल तर तिथं शिधा घ्यावा तसा ठेवावाही.

आता मिळवण्याचं. चालता चालता कमावणं हे लॅपटॉपवाल्यांनी शोधलेलं नाही. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंब घेऊन तीर्थोतीर्थी हिंडले ते पुराण सांगून. गोव्याचे धर्मानंद कोसंबी काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले आणि तिथून नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असे हिंडले. या सगळ्यांजवळ एक विद्या होती, जिला पुढच्या गावातही गिऱ्हाईक होतं. हीच कसोटी आजही लावावी. भाषांतर, हिशेब ठेवणं, संगणकाचं काम, शिकवणी, उत्तम स्वयंपाक, यांतलं काही येत असेल तर रस्त्यात पैसे मिळतात. 'रील टाकीन आणि त्यावर जगीन' म्हणणाऱ्यांनी आधी घरी बसून सहा महिने जगून दाखवावं. घरी जे चाललं नाही, ते स्पितीत कसं चालेल, तिथं तर रेंजही धड नाही. शिवाय निघण्यापूर्वी इथंच दोन गिऱ्हाइकं पक्की असावीत. वाटेत नवं काम शोधणं म्हणजे निम्मा प्रवास मोबाइलच्या पडद्यात घालवणं.

परदेशात हे आणखी जपून. पर्यटक व्हिसावर गेलेल्या माणसानं हॉस्टेलमध्ये झोपण्याच्या बदल्यात चादरी बदलल्या, तरी बऱ्याच देशांत ते कामच धरलं जातं आणि विमानतळावरून परत पाठवतात. तरुणांसाठी सरळ रस्ते आहेत. ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स योजना १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांना दोन वर्षांपर्यंत राहून काम करू देते. जागा वर्षाला तीन हजार, सोडत निघते. नाव निघालं तरी खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस दिसावे लागतात. ऑस्ट्रेलियानंही २०२४ पासून भारतीयांसाठी वर्षाला हजार जागांची सोडत सुरू केली आहे. पैसे खात्यात 'दिसणं' महत्त्वाचं. व्हिसाच्या आदल्या आठवड्यात काकांनी टाकलेले चार लाख अधिकाऱ्याला ओळखू येतात, त्यानं असे काका पुष्कळ पाहिलेले असतात. तिथंही आत्याचीच पद्धत कामाला येते, महिन्याला थोडे थोडे. आणि परदेशात कार्ड घासल्यावर यंत्रानं 'रुपयांत पैसे घेऊ का' असं आपुलकीनं विचारलं, तर नाही म्हणावं. त्या आपुलकीचे पैसे ते वेगळे लावतं.

नोकरदारांच्या बाबतीत मला नेहमी वाटतं, की त्यांच्याकडं पैशांपेक्षा दिवसांचा दुष्काळ असतो. सरकारी नोकरीत अर्जित रजा तीनशे दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीला तिचे रोख पैसे मिळतात, म्हणून माणसं ती जिवापाड सांभाळतात. पन्नाशीत गुडघे चांगले असताना त्यातली साठ दिवसांची रजा खर्च केली, तर निवृत्तीच्या दिवशी दोन महिन्यांचा पगार कमी मिळेल. साठीनंतर त्या पैशात गुडघ्याची एक वाटीसुद्धा धड बदलून होत नाही.

सगळ्यांचा हिशेब चुकतो तो परतीचा. तिकिटाचा नव्हे, परत येऊन पुन्हा उभं राहण्याचा. निदान तीन महिन्यांचा घरखर्च आणि नव्या घराची अनामत वेगळ्या खात्यात ठेवून त्याचं कार्ड मागंच सोडून जावं. त्या जोडप्यानं हे केलं होतं, म्हणून आल्या आल्या हात पसरावे लागले नाहीत. घर मिळायला मात्र वेळ लागला. नवे घरमालक सदाशिव पेठी वळणाचे, त्यांनी कागद चाळत विचारलं, "गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या?"

"नाहीत काका, आम्ही फिरत होतो."

"सहा महिने? आणि अनामत कशातून देणार?"

बायकोनं पासबुक पुढं केलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून ते मागच्या पानापासून वाचलं, दर महिन्याच्या नोंदीवर बोट ठेवत. मग म्हणाले, "भाडं पाच तारखेला लागेल. आणि मला जरा ते रेल्वेच्या चक्री तिकिटाचं सांगा."