आराखड्याची लेखणी कोणाच्या हाती?

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून या नगरीचा संसार जंगलांच्या भरवशावर चालत आला आहे. कारखान्याचे लोहखनिज दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून येत राहिले. तेथील साठे ओसरू लागल्यावर दृष्टी रावघाटच्या वनाच्छादित टेकड्यांकडे वळली. पाणी येते ते तांदुळा आणि गंगरेल जलाशयांतून, आणि गंगरेल भरणारी महानदी धमतरी जिल्ह्यातील सिहावाच्या डोंगरात उगम पावते. नागपूर-विदर्भातून येथे येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या याच पाण्यावर वाढल्या. त्यामुळे छत्तीसगडच्या जंगलांचे व्यवस्थापन कोणी ठरवायचे, हा वाद केवळ बस्तरच्या पाड्यांपुरता आहे असे भिलाईकरांनी मानण्याचे कारण नाही.

हा वाद २०२५ च्या उन्हाळ्यात ऐरणीवर आला. राज्याच्या वन विभागाने मे महिन्यात एक पत्र काढून सामूहिक वनसंसाधन हक्काच्या क्षेत्रांतील व्यवस्थापनासाठी स्वतःलाच समन्वयाची मुख्य यंत्रणा ठरविले. केंद्राकडून आदर्श आराखडा येईपर्यंत अन्य विभागांनी किंवा स्वयंसेवी संस्थांनी आपापले आराखडे राबवू नयेत, असाही त्याचा रोख होता. ग्रामसभा, आदिवासी संघटना आणि वनहक्कांचे अभ्यासक यांनी त्याला कडाडून विरोध केला. आधी शब्दांची सारवासारव झाली आणि जुलैच्या प्रारंभी पत्र मागे घेतले गेले. आदिवासी समाजातून आलेले विष्णुदेव साय मुख्यमंत्री असलेल्या राज्यात हे पत्र फार काळ टिकणे राजकीयदृष्ट्याही अवघडच होते. पत्र गेले, परंतु त्यामागची मनोवृत्ती गेली काय, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याची भूमिका याबाबत संदिग्ध नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या सामूहिक वनाचे संरक्षण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाला दिला. २०१२ च्या सुधारित नियमांनी पुढचे पाऊल टाकले. ग्रामसभेच्या समितीने संवर्धन व व्यवस्थापनाचा आराखडा तयार करावा आणि समितीला आवश्यक वाटतील त्या फेरफारांसह तो वन विभागाच्या कार्य आयोजनेशी जोडावा, अशी ही तरतूद आहे. फेरफार कोणते हे समिती ठरविणार, या एका शब्दरचनेत सारे मर्म आहे. वन विभागाने आधी आराखडा लिहायचा आणि मग गावकऱ्यांचे मत मागवायचे, हा नेहमीचा क्रम कायद्याने येथे उलटविला आहे. छत्तीसगडमध्ये चार हजारांहून अधिक गावांना असे हक्क मिळाले असल्याने या क्रमाचा प्रश्न लाखो हेक्टर वनाचा आहे.

वन विभागाची बाजू अर्थात पूर्णतः पोकळ नाही. वणवा, वन्यप्राण्यांचे भ्रमणमार्ग आणि पाणलोट क्षेत्रे गावाच्या शिवेपाशी थांबत नाहीत. शेजारच्या दहा गावांनी दहा दिशांचे आराखडे केले, तर हत्तीने कोणत्या आराखड्यानुसार चालावे? वृक्षगणना आणि पुनर्निर्मितीचा अंदाज यांना शास्त्रीय शिस्त लागते, हेही मान्य करावे लागेल. तथापि या युक्तिवादातून समन्वयाची आणि तांत्रिक साहाय्याची गरज सिद्ध होते. मालकाने कुळाला अटी घालाव्यात तसा अधिकार सिद्ध होत नाही. शिवाय ज्या कार्य आयोजनेच्या साच्यात गावाने बसावे असा आग्रह आहे, तो साचा मुळात लाकूड उत्पादनाच्या हिशेबाने घडला. मोहफूल, चार, तेंदू, औषधी मुळे, गुरांचे चरणे आणि देवराई यांना त्यात दुय्यम स्थान आहे. गावाच्या लेखी मात्र जंगल म्हणजे प्रामुख्याने हेच.

याचा पडताळा पाहायला फार दूर जावे लागत नाही. राजनांदगावच्या पलीकडे सीमा ओलांडली की गडचिरोली लागते. तेथील धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, पण तोडलेला बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना देण्यास यंत्रणा तयार नव्हती. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्याआधीची दोन-अडीच दशके हे गाव अभ्यासगट चालवीत होते आणि सर्वसहमतीने निर्णय घेत होते. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची सोबत त्यामागे होती. मेंढ्याचा धडा असा की, आराखडा लिहिण्याची पात्रता अधिकारातूनच येते. पात्रता आधी सिद्ध करा, अधिकार नंतर पाहू, असे म्हणणाऱ्या यंत्रणेला ती पात्रता कधीच दिसत नाही.

अर्थात प्रत्येक गाव मेंढा-लेखा नसते. गडचिरोलीतच हक्क हाती आल्यावर तेंदू आणि बांबूच्या कंत्राटदारांनी अननुभवी ग्रामसभांभोवती जाळे विणल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. अनेक गावांत समिती कागदावर असते, स्त्रियांचा आवाज सभेत उमटत नाही, हिशेब दोघा-तिघांनाच ठाऊक असतो. या दोषांकडे डोळेझाक करून ग्रामसभेचे गोडवे गाणे म्हणजे तिलाच तोंडघशी पाडणे होय. मात्र त्यांवरचा उपाय प्रशिक्षण, हिशेब-तपासणी आणि निधी हा आहे. लेखणी काढून घेतल्याने यांपैकी काहीही साधत नाही.

निधी हाच यातील सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. वनीकरणाचा पैसा प्रामुख्याने वन विभागामार्फत खर्च होतो. ग्रामसभेपाशी उरतो तो प्रमाणपत्राचा कागद. भिलाईचा संबंध येथे थेट येतो. २०१५ पासून खाणींच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा जिल्हा खनिज न्यासाकडे जमा होतो आणि तो खाणबाधित क्षेत्रांच्या व तेथील लोकांच्या हितासाठी आहे. राजहरा-रावघाट पट्ट्यातील ग्रामसभांच्या आराखड्यांना या न्यासातून नियमित आधार द्यावा. सिहावा-नगरी भागातही अशीच पायाभरणी झाली आहे. २०१९ मध्ये तेथील जबर्रा गावाला पाच हजार हेक्टरांहून अधिक वनावर हक्क मिळाला, आणि २०२१ मध्ये सीतानदी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभाक्षेत्रातील काही गावांचेही हक्क मान्य झाले. महानदीच्या उगमप्रदेशातील ही गावे जंगल कसे राखतात, यावर गंगरेलची पाणीपातळीही काही अंशी अवलंबून आहे. त्यांच्या आराखड्यांना पाणी वापरणाऱ्या शहराने आणि उद्योगाने हातभार लावावा, यात उपकाराचा प्रश्नच नाही.

रायपूरच्या मंत्रालयात बसणाऱ्यांनी मागे घेतलेल्या पत्राऐवजी नवे, अधिक गुळगुळीत पत्र शोधत बसू नये. वनमंडळाधिकाऱ्याने ग्रामसभेत नकाशे घेऊन जावे, गावाची भाषा ऐकावी, धोके सांगावेत आणि अखेरचा शब्द गावाचा असू द्यावा. कायदा यापेक्षा अधिक काही मागत नाही. भिलाईच्या भट्ट्यांनी सहा दशकांहून अधिक काळ या डोंगरांकडून घेतले आहे. ते डोंगर राखणाऱ्यांना स्वतःच्या जंगलाविषयी दोन पाने स्वतःच्या हाताने लिहू देणे, ही परतफेडीची फार लहान सुरुवात ठरेल.